एका बाकावरच्या दोन पेन्शनी

नोव्हेंबर लागला की भंडाऱ्यातल्या सेवा केंद्रांपुढे पेन्शनवाल्यांची गर्दी होते. हयातीचा दाखला काढायचा असतो. आधार नंबर, पी.पी.ओ. म्हणजे पेन्शन आदेशाचा नंबर, मोबाइलवरचा ओटीपी आणि बोटाचा ठसा. 2014 पासून ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला एवढ्यावर निघतो. घोडे अडते ते बोटापाशी.

‘‘काकाजी, अंगठा पुसून ठेवा जी,’’ केंद्रातली पोरगी म्हणते. काकाजी विद्युत मंडळातले निवृत्त लाइनमन. अंगठा पँटला घासून मशीनवर ठेवतात. जुळत नाही. तर्जनी ठेवतात, मग दुसऱ्या हाताची. उभी नोकरी पकड, पाना आणि तारेत गेली, रेषा उरणार कुठून? शेवटी पोरगी मोबाइल त्यांच्या चेहऱ्यापुढे धरते आणि ‘‘डोळे मिचकवा’’ म्हणते. काकाजी एकच डोळा मिचकावतात, बाकावर हशा पिकतो, दुसऱ्या खेपेस काम होते. खरे तर काकाजींच्या ईपीएस-95 म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेचा दाखला आता काढल्या तारखेपासून वर्षभर चालतो, कोणत्याही महिन्यात काढता येतो. पण जुनी सवय सुटत नाही.

त्यांना सोबत करायला आलेले शेजारी नगरपरिषदेतून निवृत्त झालेले सफाई कामगार. वस्ती एक, वयही जवळपास सारखे. पेन्शन मात्र सारखी नाही.

नगरपरिषदेच्या जुन्या कर्मचाऱ्याला राज्य सरकारच्या 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांचा आधार आहे. पूर्ण सेवा झाली असेल तर शेवटच्या पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन, वर महागाई भत्ता, आणि मागे राहिलेल्या बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन. पैसे कधी उशिरा येतात, पण भत्ता वाढला की वाढतात.

विद्युत मंडळात असे निवृत्तिवेतन नव्हतेच. भविष्यनिर्वाह निधी होता आणि 16 नोव्हेंबर 1995 पासून ईपीएस. तिचे गणित कागदावर मांडले की अंगावर येते. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70. पगार कितीही असो, 2001 पासून 2014 पर्यंत धरायचा तो 6,500 रुपयांपर्यंतच. 1995 नंतर 15 वर्षे भरलेल्या माणसाचे उत्तर येते साधारण 1,393 रुपये. त्याआधीच्या नोकरीचे वेगळ्या तक्त्याने थोडे मिळते, तेही किरकोळच.

‘‘पीएफची रक्कम एकदम मिळाली ना?’’ असे लोक विचारतात. मिळाली. ती घरात आणि पोरींच्या लग्नात गेली. न जाता शिल्लक राहिली असती, तरी तिला महागाई भत्ता लागला नसता. गटार साफ करणाऱ्याला जास्त मिळते अशी माझी तक्रार मुळीच नाही. त्याला मिळते ते हक्काचे आहे. खांबावर चढणाऱ्याला तसे का नाही, एवढेच विचारायचे आहे.

आणि 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांसाठी तर सरकारनेही ही निम्म्या पगाराची जुनी पेन्शन बंद केली. तिच्यासाठी मार्च 2023 मध्ये राज्यभर संप झाला. ईपीएस-95 वाल्यांनी बुलढाण्यात 2018 पासून साखळी उपोषण मांडले. त्यांची किमान पेन्शन सप्टेंबर 2014 मध्ये 1,000 रुपये ठरली. पुढच्या दहा वर्षांत ती एका रुपयानेही वाढली नाही.