नगरच्या फरारबाई

सिंथिया फरार या अमेरिकन शिक्षिकेने मुंबई आणि अहमदनगर येथे मुलींच्या शाळा चालविण्यात जवळजवळ सारे आयुष्य वेचले. १८२७ च्या अखेरीस त्या मुंबईत उतरल्या आणि २५ जानेवारी १८६२ रोजी नगरलाच त्यांचे निधन झाले. मधली प्रकृतीच्या कारणाने स्वदेशी काढलेली दोनेक वर्षे सोडली, तर तीन दशकांहून अधिक काळ त्या मराठी मुलींमध्ये राहिल्या. मुलींच्या शिक्षणाच्या चळवळीतील पहिल्या पिढीत त्यांची गणना करावी लागते. जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा प्रथम जवळून पाहिली, ती नगरमध्ये याच बाईंची.

फरार यांचा जन्म २० एप्रिल १७९५ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यातल्या मार्लबरो या गावी झाला. शिक्षिकेचे काम त्यांनी मायदेशीच केले होते. त्यांना हिंदुस्थानात पाठविणारी संस्था होती बोस्टनचे अमेरिकन बोर्ड. या बोर्डाचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ साली मुंबईत आले. पुढच्या काही वर्षांत मिशनने छापखाना काढला, मुलांच्या शाळा उघडल्या आणि १८२४ मध्ये मुंबईत मुलींची पहिली शाळा सुरू केली. पण माणसे टिकत नव्हती. १८२६ मध्ये खुद्द हॉल प्रवासात असताना पटकीने गेले. मुलींच्या शाळा मिशनऱ्यांच्या बायका पाहत असत. घर, मुले आणि आजारपणे सांभाळून रोज शाळाशाळांतून हिंडणे त्यांना झेपत नव्हते. या कामासाठी संसाराचा भार नसलेली, शिकविण्यात मुरलेली बाई हवी, अशी गरज मुंबईहून कळविण्यात आली आणि बोर्डाने फरार यांची निवड केली.

त्या काळाच्या मानाने हा निर्णय धाडसाचा होता. अविवाहित बाईने एकटीने समुद्रापार जाऊन काम करावे, ही कल्पना अमेरिकेतही पचणारी नव्हती. बेट्सी स्टॉकटन ही गुलामगिरीतून मुक्त झालेली कृष्णवर्णीय स्त्री १८२२ मध्ये हवाई बेटांकडे निघाली होती खरी, पण एका मिशनरी कुटुंबाच्या सोबतीने. कलकत्त्याला मेरी ॲन कुक या इंग्रज बाईने १८२२ च्या सुमारास मुलींच्या शाळा काढल्या; त्यांचे थोड्याच काळात लग्न झाले. फरार निघाल्या त्या शिक्षिका म्हणून, स्वतःच्या नावावर, आणि अखेरपर्यंत शिक्षिकाच राहिल्या. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठविलेली पहिली अविवाहित शिक्षिका म्हणून मिशनच्या इतिहासात त्यांचे नाव नोंदले गेले आहे. डेव्हिड ॲलन आणि सायरस स्टोन ही मिशनरी दांपत्ये त्यांच्या बरोबर होती. तेव्हा फरार बत्तीस वर्षांच्या होत्या.

मुंबईत त्यांच्याकडे मुलींच्या शाळांची देखरेख आली. १८२९ पर्यंत या शाळांतील मुलींची संख्या सुमारे ४०० वर गेली होती. ‘शाळा’ म्हटल्यावर आज जी इमारत डोळ्यांसमोर येते, तशी मात्र ती नव्हती. एखाद्या घराची ओसरी किंवा भाड्याची खोली, तेथे बसणाऱ्या काही मुली आणि शिकवायला पगारी पंतोजी, असे तिचे रूप होते. वाचन, लेखन, थोडे गणित, शिवणकाम आणि ख्रिस्ती धर्मातील प्रश्नोत्तरे हे विषय असत. त्याच सुमारास, १८२९ मध्ये, स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन मुंबईत आल्या आणि त्यांनीही मुलींच्या शाळा उघडल्या. १८३५ मध्ये त्या वारल्या. या मंडळींना इथली हवा सोसत नव्हती आणि शाळा चालवणारी व्यक्ती गेली की शाळाही डळमळत असे.

शाळा डळमळण्याची कारणे एवढीच नव्हती. लिहायला शिकलेली मुलगी विधवा होते, ही समजूत घराघरांत मुरलेली होती. मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी उरकले जाई. अक्षरओळख होऊन वाचनाची गोडी लागते न लागते, तोच तिची पाटी सुटे. आणि मोठे कारण धर्मांतराचे. मुलांना शाळेत घालणाऱ्या आईबापांना मिशनऱ्यांचा हेतू माहीत होता आणि मिशनऱ्यांनीही तो लपविला नाही. कुणा एकाने बाप्तिस्मा घेतल्याची बातमी आली की वर्ग रिकामे होत. आईबापांची ही भीती अडाणीपणाची होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शिक्षण आणि धर्मप्रसार एकाच हाताने दिले जात होते आणि एक घेताना दुसरे नाकारण्याची सोय नव्हती. फरार यांच्या कामाची ही मर्यादा मोकळेपणाने सांगितली पाहिजे.

१८३७ मध्ये प्रकृती ढासळल्याने त्या अमेरिकेला परतल्या. १८३९ मध्ये पुन्हा आल्या, त्या नगरला.

निजामशाहीची ही जुनी राजधानी १८०३ मध्ये इंग्रजांनी किल्ला जिंकल्यापासून लष्कराचे ठाणे होती. पेशवाईच्या अखेरीनंतर ते जिल्ह्याचे ठिकाण झाले. अमेरिकन मिशनने डिसेंबर १८३१ मध्ये तेथे आपले केंद्र उघडले. हवा मुंबईपेक्षा कोरडी आणि मिशनऱ्यांना मानवणारी होती. शहराभोवतीच्या खेड्यांत, विशेषतः महार समाजात, मिशनचे काम पसरत गेले. हेन्री बॅलंटाइन १८३५ पासून तीस वर्षे तेथे होते. सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर करणारे एबेनेझर बर्जेस हेही नगरच्याच मिशनमधले. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे मराठी नियतकालिक निघाले, तेही येथूनच. ज्या जिल्ह्यातील चौंडीत अहिल्याबाई होळकर जन्मल्या, त्या जिल्ह्याच्या शहरात आता सामान्य घरातील मुलीच्या हाती पाटी देण्याचा खटाटोप चालू झाला.

नगरमध्ये फरार यांनी मुलींच्या दिवसशाळा चालविल्या. येथे त्यांच्या कामाला जे वळण लागले, ते सर्वांत महत्त्वाचे आहे. मुलींच्या शिक्षणाची खरी अडचण पैशाची नव्हती, ती शिक्षिकेची होती. पंतोजीपुढे मुलगी बसवायला बरीच घरे तयार नसत. शिकविणारी बाई हवी, तर ती आधी कुठेतरी शिकलेली हवी. आणि ती शिकावी कुठे, तर मुलींच्या शाळेत, जी नव्हती. ही गाठ उपदेशाने सुटणारी नव्हती. मुली शिकवायच्या आणि त्यांच्यातूनच शिकविणाऱ्या बायका तयार करायच्या, हाच मार्ग होता. त्यातच फरार यांची स्वतःची उपस्थिती हा एक मोठा पाठ होता. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाने न ओळखली जाणारी, शिकविण्यालाच आयुष्याचे काम मानणारी प्रौढ बाई त्या शहराने बहुधा प्रथमच पाहिली असेल.

अशा या शाळेत १८४८ च्या सुमारास जोतीराव फुले आले. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला नोकरीस होते आणि त्यांच्याबरोबर जोतीरावांनी ही शाळा पाहिली. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, तेव्हा मिशनची शाळा त्यांना नवी नव्हती. नवे होते ते मुलींचे पद्धतशीर शिक्षण. ‘ज्ञानोदय’च्या सप्टेंबर १८५३ च्या अंकात त्यांचे निवेदन आले आहे. नगरला फरारबाईंच्या शाळा पाहून समाधान वाटले आणि पुण्याला परतताच आपण मुलींची शाळा घातली, असा त्याचा आशय आहे. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडेवाड्यात ती शाळा उघडली. आपण कुठून प्रेरणा घेतली हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे सुधारक थोडे. यात फरारबाईंचा जेवढा गौरव आहे, तेवढाच जोतीरावांच्या मोठेपणाचा पुरावाही आहे.

सावित्रीबाईंचे घरचे शिक्षण जोतीरावांकडे झाले. अध्यापनाचे प्रशिक्षण त्यांनी नगरला फरारबाईंच्या संस्थेत आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. शिक्षिकेवाचून शाळा नाही आणि शाळेवाचून शिक्षिका नाही, ही कोंडी मराठी मुलखात खऱ्या अर्थाने फोडली ती सावित्रीबाईंनी. गावकऱ्यांतलीच, सासर-माहेर असलेली, मराठी बोलणारी विवाहित बाई शाळेत शिकवू लागली, तेव्हा हे काम परक्यांचे राहिले नाही. १८५२ पर्यंत फुले दांपत्याच्या मंडळाकडे पुण्यात मुलींच्या तीन शाळा होत्या आणि त्याच वर्षी विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला.

फरारबाईंच्या आणि फुल्यांच्या कामातला फरक मात्र विसरता कामा नये. फुल्यांनी नगरहून पद्धत घेतली, धर्मप्रसाराचा हेतू घेतला नाही. अंगावर शेण-माती झेलत चालवलेल्या या शाळांमागे शूद्रातिशूद्रांच्या आणि स्त्रियांच्या हक्काचा विचार होता. तो मिशनकडून उसना मिळालेला नव्हता. फरारबाईंमुळे फुले घडले असे म्हणणे चूक. फरारबाईंना वगळून फुल्यांच्या शाळेची गोष्ट सांगणेही तितकेच अपुरे.

मिशनमध्ये फरारबाईंचे स्थान दुय्यमच होते. स्त्रियांना तेथील निर्णयांत मत नव्हते आणि अहवाल बहुतेक पुरुषांच्या नावाने जात. त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १८६८ मध्ये, बोस्टनला स्त्रियांचे स्वतंत्र मिशन मंडळ निघाले आणि मग अविवाहित शिक्षिका व डॉक्टर बाया मोठ्या संख्येने येऊ लागल्या.    नगरमध्ये मिशनच्या मुलींच्या शाळांची परंपरा पुढे चालू राहिली. क्लेरा ब्रूस यांच्या नावाची मुलींची शाळा हा तिचाच भाग.

सावित्रीबाईंच्या चरित्रांत नगरचा भाग बहुधा एका वाक्यात उरकला जातो. महाराष्ट्राच्या पहिल्या शिक्षिकेने शिकवायला कसे शिकून घेतले, ही गोष्ट एका वाक्याची नाही. ‘ज्ञानोदय’चे जुने अंक आणि मिशनचे अहवाल धुंडाळून ती सविस्तर लिहिली गेली पाहिजे, आणि हे काम नगरच्या अभ्यासकांनी, शक्यतो नगरच्या मुलींनी, हाती घ्यावे.