गोड शेवटाच्या आत दडलेलं बंड

लेखांक सहावा

मागच्या आठवड्यात आपण ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना'पाशी थांबलो होतो. बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ साली पुण्यात छापून घेतलेलं ते पुस्तक म्हणजे उघड बंड. पुरुषाला समोर उभं करून विचारलेले प्रश्न, आडपडदा कसलाच नाही. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. टीकेची झोड उठली. जोतीराव फुले 'सत्सार'मधून त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तरी ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही.

हे डोळ्यांसमोर घडत असताना लिहू पाहणाऱ्या बाकीच्या बायांनी काय करायचं? माझ्या मते त्यांनी जो मार्ग धरला तो फार जुना होता. त्यांनी गोष्ट सांगितली. गोष्टीत बोलणारी बाई 'मी' नसते. ती कुणाची तरी सून असते, शेजारच्या वाड्यातली विधवा असते, आटपाट नगरातली नावडती राणी असते. जे स्वतःच्या तोंडाने बोललं तर सासरी उभं राहू देणार नाहीत, ते तिच्या तोंडी घालता येतं.

छापील कथेच्या आधी आपल्याकडे कहाणी होती, आणि कहाणीवर हुकमत बायकांची होती. श्रावणात हातात अक्षता घेऊन बसायचं, एकीने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. देवाधर्माचं काम म्हटल्यावर त्यात कुणी आडकाठी करत नसे. आता शुक्रवारची कहाणी आठवून पाहा. भावाच्या घरी सहस्रभोजन असतं, पण गरीब बहिणीला बोलावणं नसतं. तरी ती पोरांना घेऊन पंगतीला बसते. भाऊ तिला अपमान करून उठवतो. पुढे व्रताच्या पुण्याईने तिला बरे दिवस येतात, तेव्हा तोच भाऊ आग्रहाने जेवायला बोलावतो. ती येते, पाटावर बसते आणि अंगावरचे दागिने एकेक करून उतरवते. शालू काढून ठेवते. ताटातला एकेक पदार्थ त्या दागिन्यांवर आणि त्या शालूवर ठेवते. भाऊ विचारतो, हे काय चाललंय? तेव्हा ती सांगते की ज्यांना जेवायला बोलावलं आहे त्यांना मी जेवू घालते आहे.

भर पंगतीत, चारचौघांसमोर, सख्ख्या भावाला असं सुनावणारी बाई एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्या घरात खपली असती? कहाणीत खपली. शेवटी भाऊ ओशाळतो, बहीण क्षमा करते, दोघं जेवतात. तो गोड शेवट आहे म्हणूनच मधला प्रसंग पिढ्यान् पिढ्या सांगता आला.

सोमवारची खुलभर दुधाची कहाणी तर याहून धीट आहे. महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा म्हणून राजा गावातलं सगळं दूध मागवतो. लेकरं आणि वासरं उपाशी राहतात, गाभारा मात्र भरत नाही. एक म्हातारी घरातल्यांना खाऊपिऊ घालून, वासरांना चारा घालून, उरलेलं खुलभर दूध घेऊन येते आणि गाभारा भरतो. राजाने जाब विचारल्यावर ती अभय मागून घेते आणि मग सांगते की तुझ्या हुकुमाने मुलाबाळांचे, वासरांचे आत्मे तळमळले, ते देवाला आवडलं नाही. राजाची चूक राजाला सांगणारी ही म्हातारी घरकाम उरकून आलेली आहे. तिचा शहाणपणा स्वयंपाकघरातून आणि गोठ्यातून आला आहे. कहाणी तेवढ्यावर मोठं विधान करते आणि साठा उत्तरी सुफळ संपूर्ण होते.

छापील मराठी कथेत हाच मार्ग काशीबाई कानिटकरांनी घेतला असं मला वाटतं. काशीबाईंचा जन्म १८६१चा. बालपणीच लग्न झालेलं. नवरा गोविंद वासुदेव कानिटकर शिकलेला, कवी. या बाई मात्र निरक्षर. घरच्यांच्या नजरा आणि टोमणे झेलत त्या स्वतःच्या जिद्दीवर वाचायला, लिहायला शिकल्या. पुढे त्यांनी आनंदीबाई जोशी यांचं चरित्र लिहिलं, 'रंगराव' ही कादंबरी लिहिली, आणि कथाही लिहिल्या. त्यांच्या एका कथासंग्रहाचं नाव 'शेवट तर गोड झाला'. अक्षर ओळखायला इतके कष्ट पडलेल्या बाईने वाचकाला आधीच दिलेलं हे आश्वासन आहे: घाबरू नका, घर मोडणार नाही, संसार उधळणार नाही. एवढं कबूल केल्यावर मधल्या पानांत तिला हवं ते मांडायला जागा मिळते. उतारवयात मात्र त्यांनी हा पडदा बराच बाजूला सारला. १९२८ साली आलेल्या 'पालखीचा गोंडा'मध्ये संस्थानाचा कारभार बाईच्या हाती येतो आणि ती बायकांच्या बाजूने राज्य चालवते. एवढी मोकळीक घ्यायला काशीबाईंना सत्तरीच्या उंबरठ्यापर्यंत वाट पाहावी लागली.

मुंबईत शेवंतीबाई निकंबे यांनी १८९५ साली 'रतनबाई' हे छोटेखानी पुस्तक लिहिलं, तेही इंग्रजीत. विवाहित मुलींना शिकवण्याचं काम त्या स्वतः या शहरात करत होत्या. त्यांची नायिका लहान वयात सून झालेली, शाळेची ओढ असलेली मुलगी आहे. घरच्या बायाच तिच्या शिक्षणाच्या आड येतात, आणि इथेही शेवट गोडच होतो. परक्या भाषेत लिहिल्यामुळे हे पुस्तक ज्या सासूबाईंनी वाचायला हवं होतं त्यांच्यापर्यंत पोचणं कठीणच होतं. मला याची हळहळ वाटते.

याच सुमारास जगात इतरत्र काय चाललं होतं? अमेरिकेत शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर' १८९२ साली आली. नवरा डॉक्टर, बायकोला विश्रांतीच्या नावाखाली खोलीत ठेवतो, लिहू देत नाही, आणि ती भिंतीवरच्या कागदात कोंडलेली बाई पाहू लागते. १८९४ साली केट शोपॅनने तासाभराची गोष्ट लिहिली: नवरा गेल्याची बातमी ऐकून मोकळा श्वास घेणारी बाई तो जिवंत परतल्यावर मरते, आणि डॉक्टर म्हणतात की आनंदाने गेली. बंगालीत रवींद्रनाथांच्या 'शास्ति'मधली चंदरा नवऱ्याच्या सांगण्यावरून थोरल्या जावेच्या खुनाचा आळ अंगावर घेते आणि सुटकेची वाट दाखवली तरी फाशीच पत्करते. ती गोष्ट १८९३ची. तिथल्या लेखकांनी नायिकेला वेड किंवा मरण दिलं, आपल्याकडच्या बायांनी तिला गोड शेवट दिला. दोन्हीकडे बाईच्या मनातलं छापून यावं म्हणून शेवटाची किंमत चुकती केली गेली. आपली तडजोड कमअस्सल होती असं मी मुळीच मानत नाही. मेलेल्या नायिकेपेक्षा संसारात परत गेलेली नायिका वाचणाऱ्या बाईला जास्त ओळखीची होती.

पुरुष लेखकांचं काय, हा प्रश्न वाचक विचारतीलच. हरि नारायण आपट्यांनी १८९०मध्ये 'करमणूक' काढलं. त्यात 'स्फुट गोष्टी' येत आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरीही क्रमशः आली. ती यमूच्या तोंडून सांगितलेली आहे, आणि विधवेच्या केशवपनाचा प्रसंग तिच्या काळजाशी आहे. आपट्यांनी शेवट गोड केला नाही. त्यांना ते परवडलं, कारण त्यांना स्वतःला त्या घरात राहायचं नव्हतं. त्यांच्या मोठेपणाला यामुळे बाध येत नाही, पण काशीबाईंशी तुलना करताना हे विसरू नये.

आणि उघड बंड? ते गिरगावात आणि परळात घडत होतं. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी दादाजी भिकाजीकडे नांदायला जायला नकार दिला, 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने १८८५ साली पत्रं लिहिली, आणि १८८७च्या निकालानंतर तुरुंगात जायची तयारी दाखवली. १८८८ साली पैसे घेऊन दादाजीने दावा सोडला. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. त्या काळच्या मराठी लेखकांना यावर गोष्ट सुचायला हवी होती. त्याऐवजी १८८६ साली शिकलेल्या तरुणींची हेटाळणी करणारी 'तरुणी-शिक्षण-नाटिका' रंगभूमीसाठी लिहिली गेली.

मी हे लोअर परळमध्ये बसून लिहिते आहे. इथून महालक्ष्मीचं रेसकोर्स चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे २४ एप्रिल १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे दहा हजार गिरणी कामगारांची सभा घेतली. मागणी होती आठवड्याच्या सुट्टीची. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही भाषण करायला उभ्या राहिल्या. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असा निर्धार केला. म्हणजे यमूच्या केशवपनाची कहाणी पुण्यात क्रमशः छापून येऊ लागली त्याच वर्षी मुंबईत ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला होता.

गिरण्यांत बायका मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत असत. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत काम, मूल कधी सोबत, कधी शेजारणीकडे. त्यांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा पहिल्यांदा घातली ती १८९१च्या फॅक्टरी कायद्याने. त्या वेळच्या कथांमधली बाई मात्र बहुतेक वाड्यातली, माजघरातली, पांढरपेशी आहे. तिचं दुःख खरं आहे, पण भोंगा ऐकून चाळीतून बाहेर पडणारी बाई त्या कथेत येत नाही. तिचं बंड लपलेलं नव्हतं. ती दहा हजार माणसांपुढे बोलली. तरीही तिची गोष्ट कुणी लिहिली नाही, आणि त्या दोघींची नावंसुद्धा सहसा कुठे वाचायला मिळत नाहीत. ही उणीव मला त्या शतकाच्या कथेतली सर्वांत मोठी वाटते. काशीबाईंना, आपट्यांना दोष देऊन ती भरून निघणार नाही. लिहिणाऱ्यांची वस्ती आणि राबणाऱ्यांची वस्ती वेगळी होती, हे त्यामागचं साधं कारण आहे.

म्हणून जुन्या कथा वाचताना दोन गोष्टी कराव्यात असं मला वाटतं. शेवट आला की पुस्तक मिटू नका. मागे जा आणि मधल्या पानांत बाई कुठे नाही म्हणाली, कुठे गप्प बसून हवं तेच केलं, कुठे पाटावर बसून दागिने उतरवले, ते शोधा. दुसरी गोष्ट कागदाबाहेरची आहे. ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींतून आता अनेक कुटुंबं हलली आहेत, काही हलण्याच्या तयारीत आहेत. गिरणीत काम केलेल्या किंवा त्या पिढीच्या बायकांच्या हाताखाली वाढलेल्या आज्या अजून आपल्यात आहेत. श्रावणात त्या सांगत त्या कहाण्या, जात्यावरच्या ओव्या, खाणावळीचे आणि खात्यातले किस्से त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवा. सांगणारीची परवानगी असेल तर तिच्या नावासकट.

पुढच्या आठवड्यात आपण 'मासिक मनोरंजन'कडे वळू. १८९५ साली का. र. मित्र यांनी मुंबईतून सुरू केलेल्या या मासिकामुळे मराठी कथा वाचणाऱ्या बायकांचा वर्ग वाढला, आणि लिहिणाऱ्यांचाही.