बाटलीवरचं गावाचं नाव

इटलीतल्या नामांकित वाईनची बाटली पाहिली, तर तिच्या लेबलावर द्राक्षाच्या जातीचं नाव बहुधा आढळत नाही. ठळक अक्षरांत असतं ते एखाद्या गावाचं किंवा डोंगरपट्ट्याचं नाव. बारोलो हे वायव्य इटलीतलं एक लहानसं गाव आहे. मोन्ताल्चिनो हे तोस्काना प्रांतातलं, म्हणजे आपण ज्याला टस्कनी म्हणतो तिथलं, टेकडीवर वसलेलं गाव. कियान्ती हा फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांमधला डोंगराळ मुलूख. आपण आंबा घेताना आधी गाव विचारतो, तसंच हे. वाईन घ्यावी की न घ्यावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण एखाद्या शेतमालाला गावाचं नाव कसं मिळतं, ते कोण राखतं आणि ते कसं बुडू शकतं, हे समजून घ्यायचं तर इटलीतल्या या मळ्यांची हकिगत ऐकण्यासारखी आहे.

सुरुवात बारोलोपासून करू. पिएमोन्ते प्रांतात लांगे नावाच्या टेकड्या आहेत. 2014 मध्ये युनेस्कोनं या परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. इथल्या मुख्य द्राक्षाचं नाव नेब्बिओलो. इटालियन भाषेत ‘नेब्बिया’ म्हणजे धुकं. हे द्राक्ष उशिरा, साधारण ऑक्टोबरमध्ये तयार होतं आणि त्या सुमारास टेकड्यांवर धुकं उतरतं, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. द्राक्षाचा रस जवळजवळ रंगहीनच असतो. लाल वाईनला रंग येतो तो सालीतून, आणि तुरटपणा येतो तो साली व बियांमधून. नेब्बिओलोची गंमत अशी, की वाईन दिसायला फिकट, पण चवीला भलतीच तुरट आणि आंबट. ती ताजी असताना जिभेला आवळून टाकते. तिचा खरा स्वाद येतो तो वर्षानुवर्षं मुरल्यावर.

म्हणूनच बारोलो हे नाव लावायचं, तर नियम कडक आहेत. ठरवून दिलेल्या अकरा गावांच्या हद्दीतलीच द्राक्षं हवीत, तीही फक्त नेब्बिओलो. वाईन किमान 38 महिने मुरवायची, त्यांतले 18 महिने लाकडी पिंपात. ‘रिझेर्वा’ म्हणून विकायची असेल, तर 62 महिने. आता शेतकऱ्याच्या बाजूनं हिशेब करून पाहा. या वर्षीच्या पिकाचा पैसा हातात यायला तीन वर्षांहून जास्त काळ लागणार. तोवर पिंपं, तळघर, मजुरी, फवारणी, सगळा खर्च चालूच. एवढं सोसायचं कशाच्या बळावर? तर त्या नावाला बाजारात मान आहे, या भरवशावर. तो भरवसा गेला, तर तळघरातला माल मातीमोल.

या नावांना कायद्याचं संरक्षण देण्यासाठी इटलीनं 1963 मध्ये कायदा केला. त्यातून ‘डीओसी’ ही व्यवस्था आली. तिचा अर्थ ‘नियंत्रित मूळस्थानाचं नाव’. कुठल्या हद्दीतली द्राक्षं, कुठल्या जाती, एकरी किती उत्पन्न, किती दिवस मुरवायची, हे सगळं प्रत्येक नावासाठी लिहून ठेवलेलं असतं. पुढे तिच्यावरची ‘डीओसीजी’ ही पायरी आली. त्यात वाईन चाखून तपासतात आणि प्रत्येक बाटलीला क्रमांक असलेली सरकारी पट्टी लागते. 1980 मध्ये हा मान मिळालेल्या पहिल्या नावांत बारोलो आणि मोन्ताल्चिनोची ब्रुनेल्लो ही दोन्ही होती.

पण कायदा केला म्हणजे दर्जा आला, असं होत नाही. कियान्तीचंच पाहा. या मुलखाच्या नावाची हद्द 1716 मध्येच तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानं जाहीरनामा काढून आखली होती. पुढे 1872 मध्ये ब्रोलिओच्या किल्ल्याचे मालक बॅरन बेत्तिनो रिकासोली यांनी कियान्तीची घडण कशी असावी, हे एका पत्रात लिहून ठेवलं. हे गृहस्थ दोनदा इटलीचे पंतप्रधान झालेले. त्यांच्या मते मुख्य द्राक्ष सान्जोवेझे हवं, आणि मालवाझिया हे पांढरं द्राक्ष मिसळायचं ते फक्त लवकर पिऊन टाकायच्या वाईनमध्ये. हे मर्म बाजूला राहिलं. 1967 चे नियम झाले, तेव्हा पांढरी द्राक्षं किमान दहा टक्के मिसळणं सक्तीचं ठरलं आणि तीस टक्क्यांपर्यंत मुभा मिळाली. साहजिकच वाईन पातळ होत गेली. त्याच काळात तोस्कानातली जुनी अर्धेलीची पद्धत मोडत होती, कुळं मळे सोडून शहरांतल्या कारखान्यांकडे निघाली होती. गवतानं विणलेल्या गोल बाटलीतली कियान्ती जगभर ओळखीची झाली खरी, पण स्वस्त वाईन म्हणून.

यावर उपाय काढला तो नियम मोडणाऱ्यांनी. तोस्कानाच्या समुद्रकिनाऱ्याजवळ बोल्गेरी नावाचं गाव आहे. तिथल्या सान ग्विदो इस्टेटीवर मार्केझे मारिओ इन्चिझा देल्ला रोक्केत्ता यांनी 1940 च्या दशकात काबर्ने या फ्रेंच द्राक्षाची लागवड केली. जमीन दगडाळ, म्हणून वाईनचं नाव सास्सिकाया. ‘सास्सो’ म्हणजे दगड. बरीच वर्षं ही वाईन घरच्यांपुरतीच होती. बाजारात आली ती 1968 च्या पिकाची. मग फ्लॉरेन्सच्या आन्तिनोरी घराण्यानं, ज्यांचा वाईनचा व्यवसाय 1385 पासून चालत आला आहे, 1971 च्या पिकापासून तिन्यानेल्लो ही वाईन काढली. ती सान्जोवेझेची. पुढे तिच्यातून पांढरी द्राक्षं पार हद्दपार झाली आणि काबर्नेची जोड आली. मुरवायला वापरली फ्रेंच पद्धतीची लहान ओक पिंपं.

यांतली कुठलीच वाईन नियमांत बसेना. त्यामुळे लेबलावर लिहावं लागलं ‘विनो दा ताव्होला’, म्हणजे रोजच्या जेवणातली साधी वाईन. ही सर्वांत खालची पायरी. पण 1978 मध्ये लंडनमध्ये जगभरच्या काबर्ने वाईन चाखून तुलना झाली, त्यात 1972 ची सास्सिकाया पहिली आली. सर्वांत साधी म्हणवली जाणारी वाईन सर्वांत महाग विकली जाऊ लागली, तेव्हा नियमांनाच बदलावं लागलं. 1992 च्या कायद्यानं अशा वाईनसाठी ‘आयजीटी’ ही नवी पायरी केली. 1994 मध्ये बोल्गेरीच्या लाल वाईनला डीओसी मिळालं आणि 2013 पासून सास्सिकायाला स्वतःचं स्वतंत्र डीओसी आहे. कियान्ती क्लासिको, म्हणजे मूळच्या कियान्ती मुलखातल्या वाईनमधून पांढरी द्राक्षं 2006 पासून बादच झाली.

दरम्यान एक भीषण घटना घडली होती. 1986 च्या मार्च महिन्यात इटलीत स्वस्त वाईन पिऊन माणसं मरू लागली. अल्कोहोलचं प्रमाण वाढवून दाखवण्यासाठी तीत मिथेनॉल मिसळलेलं होतं. आपल्याकडे विषारी दारूत माणसं दगावतात ती बहुतेक वेळा याच मिथेनॉलनं. वीसहून जास्त माणसं गेली, कित्येकांची दृष्टी गेली. ही भेसळ झाली ती पिएमोन्तेतच, बारोलोपासून फार लांब नाही. परदेशांनी इटलीचा माल अडवला, निर्यात कोसळली. ज्यांचा या प्रकाराशी काडीचा संबंध नव्हता, अशा मळ्यांनाही त्याची झळ बसली. त्यानंतर तपासणी कडक झाली. कमी पिकवावं, चांगलं पिकवावं आणि स्वतःच्या नावानं बाटलीत भरावं, या विचारानं तिथे जोर धरला.

या बदलाचा वाद घराघरांत शिरला. बारोलोच्या तरुण पिढीला जुनी प्रचंड पिंपं नकोशी झाली होती. लहान, नव्या ओकची पिंपं हवी होती. एलिओ आल्तारे या तरुणानं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला वडिलांची जुनी पिंपं यांत्रिक करवतीनं कापून काढली. वडिलांनी त्याला वारशातून वगळलं. दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो यांच्यासारखे जुन्या वळणाचे लोक होते. ते 2005 मध्ये गेले, तोवर मोठ्या पिंपांवरच ठाम राहिले. लेबलांवर स्वतः चित्रं काढून त्यांनी लहान पिंपांची आणि त्या वेळच्या राजकारण्यांची खिल्ली उडवली. आज पाहावं तर दोन्ही बाजू पुष्कळ जवळ आल्या आहेत. जुन्या वळणाच्या लोकांनी तळघरातली स्वच्छता सुधारली, नव्या लोकांनी ओकचा अतिरेक कमी केला.

नावाची शेवटची मोठी कसोटी लागली ती मोन्ताल्चिनोत. ब्रुनेल्लो ही वाईन नावारूपाला आणली ब्योन्दी-सान्ती घराण्यानं, ग्रेप्पो या आपल्या मळ्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. नियम असा, की ब्रुनेल्लोत शंभर टक्के सान्जोवेझेच हवं. पण सान्जोवेझेचा रंग गडद नसतो आणि परदेशी बाजाराला गडद रंगाची भुरळ. 2008 मध्ये सिएनाच्या सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली, काही उत्पादकांनी दुसरी द्राक्षं मिसळल्याचा संशय होता. लाखो बाटल्या जप्त झाल्या, अमेरिकेनं खात्रीपत्र मागितलं. तेव्हा काहींनी सुचवलं, नियमच सैल करू. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये उत्पादकांनी मतदान केलं आणि प्रचंड बहुमतानं ठरवलं, की शंभर टक्केच राहील.

वरवर पाहता हे उलटसुलट वाटेल. कियान्तीत नियम मोडणारे नावाला तारून गेले आणि मोन्ताल्चिनोत नियम मोडल्यानं नाव बुडायची वेळ आली. पण फरक साधा आहे. आन्तिनोरी आणि इन्चिझा यांनी नियम मोडला तो उघडपणे. लेबलावरचं मानाचं नाव सोडून दिलं आणि खालची पायरी पत्करली. गिऱ्हाइकाला काय विकत घेतो आहोत, ते ठाऊक होतं. मोन्ताल्चिनोत आरोप होता तो नाव ठेवून आतला माल बदलल्याचा.

हे सान्जोवेझे आता सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजलाही पिकतं. तिथल्या मोहिते-पाटील कुटुंबानं, सेखरी बंधू आणि इटलीच्या सेक्की बंधूंच्या जोडीनं फ्रातेली हा मळा उभा केला. ‘फ्रातेल्ली’ म्हणजे भाऊ. तोस्कानाचे वाईनतज्ज्ञ पिएरो मासी यांनी तिथे वाईनची घडी बसवली. इटलीत द्राक्षतोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपल्याकडे हिवाळा सरताना. हवामान वेगळं, माती वेगळी, त्यामुळे तिथले नियम जसेच्या तसे इथे चालणार नाहीत. ‘नाशिक व्हॅली वाईन’ या नावाला आपल्याकडे भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. इटलीचा अनुभव एवढंच सांगतो, की नावाची नोंद झाली की कामाला सुरुवात होते. कुठली द्राक्षं त्या मातीत खरोखर रुजतात, एकरी किती पीक घ्यायचं, किती दिवस मुरवायचं, हे पुढच्या एकदोन पिढ्यांनी ठरवायचं असतं आणि पाळायचं असतं. कारण एका मळ्यानं केलेली लबाडी अख्ख्या गावाच्या नावे जमा होते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)