‘माझ्यानंतर याचं बघशील का?’

समजा, शेजारच्या काकू संध्याकाळी चहाला आल्या आहेत. त्यांचा मुलगा पस्तिशीचा, ऑटिस्टिक. कप खाली ठेवत त्या अडखळत विचारतात, ‘‘माझ्यानंतर याचं बघशील का?’’

इंदूर, बडोदा, बेंगळुरूला स्थायिक झालेल्या मराठी घरांतून हा प्रश्न शेजाऱ्यांकडे येणं नवल नाही. मामेभाऊ साताऱ्याला, चुलतबहीण अमेरिकेत आणि मुलाचा स्वभाव ओळखणारी माणसं मात्र समोरच्या दारात.

मूल १८ वर्षांचं झालं की आईवडीलसुद्धा आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, हे कित्येकांना बँकेत किंवा कचेरीत गेल्यावरच कळतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी १९९९चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो. तिच्यात जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अर्ज तुम्ही करायचा नसतो, काकूंनी करायचा असतो. त्यात त्या आपल्या पसंतीच्या कुणाचंही नाव देऊ शकतात, नातं लागत नाही. पण त्या गेल्यावर अर्ज करायला एखादा नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था शोधावी लागते. तुम्ही दहा वर्षं डबा पोहोचवलात, याला कागदावर काहीच अर्थ नसतो. म्हणून ‘माझ्यानंतर’चा अर्ज काकू हिंडत्याफिरत्या असतानाच झाला पाहिजे. मुलाच्या जागी मुलगी असेल, तर एकट्या पुरुषाला तिचं पालकत्व मिळत नाही.

पालकाची गरज खरंच आहे का आणि कशासाठी, हे समिती आधी पाहते. ते योग्यच आहे. २०१६चा दिव्यांग हक्क कायदाही मर्यादित पालकत्वाचीच भाषा करतो : निर्णय त्याच्यावतीने नव्हे, त्याच्यासोबत.

पैशांच्या बाबतीत मात्र कायदा कडक आहे. नेमणुकीपासून ६ महिन्यांत त्याच्या मालमत्तेची आणि देण्यांची यादी द्यायची, पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत हिशेब. त्याचे पैसे तुमच्या घरखर्चात एक दिवससुद्धा मिसळू देऊ नका, वेगळी वही घाला. हेळसांड किंवा अफरातफर झाली तर समिती तुम्हाला काढू शकते.

मानसिक आजार या कायद्यात येत नाही. तिथे २०१७च्या कायद्यानुसार ती व्यक्ती स्वतःच साध्या कागदावर आपला प्रतिनिधी नेमू शकते आणि पुढे बदलूही शकते.

काकूंना लगेच ‘हो’ म्हणू नका. आधी काही रविवार त्याच्याबरोबर घालवा. कुकरच्या शिट्टीला तो कान झाकतो का, गोळ्या कोणत्या डब्यात असतात, पासबुक कुठल्या बँकेचं आहे, हे बघा. मग त्यालाच विचारा, ‘‘मी रोज आले तर तुला चालेल?’’