मामंजींची कवळी आणि ओव्हनमधली कोंबडी

गेल्या पावसाळ्यात आमचे मामंजी महिनाभर अंथरुणाला खिळून होते. ते उठून बसू लागले तेव्हा डॉक्टरांनी बजावले, "तेल-मसाला नको; पण कोंबडी खुशाल द्या. मात्र नीट शिजलेली. या वयात पोट बिघडून चालायचं नाही."

घरात नवा ओव्हन होताच. मी पदर खोचला. छातीचे बिनहाडाचे तुकडे आणले, मीठ-मिरपूड लावली आणि कच्चे राहतील या धास्तीने चांगला पाऊण तास भाजले. जेवताना मामंजी एकच घास घोळवीत बसले. शेवटी म्हणाले, "सूनबाई, चव झकास आहे, पण माझी कवळी हरली!" सगळे हसले, मीही हसले. पण त्यांच्या पानातला तुकडा तसाच राहिला.

दुसऱ्या खेपेला घाईने दहा मिनिटांतच ट्रे बाहेर काढला. वरून सुरेख दिसत होते, पण कापून पाहते तो आत कच्चे, चिकट! ते तसेच मामंजींच्या पानात पडले असते तर? माझे हातपाय गार झाले.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, रश्श्याला कसा अंदाज पुरतो!" खरेच आहे. रश्श्यात तंगडी असते, तिच्यात चरबी असते; ती थोडी चूक पोटात घालते. छातीच्या मांसात चरबी अगदी थोडी. आच वाढली की त्याचे तंतू आवळतात आणि आतले पाणी पिळून बाहेर टाकतात. दुसरीकडे, कच्च्या कोंबडीत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे पोट बिघडविणारे जंतू असू शकतात. मांसाच्या गाभ्याशी ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोचली की ते मरतात. त्यापुढचे भाजणे म्हणजे नुसते वाळवणे! रसाळपणा आणि सुरक्षितपणा यांचे भांडण नाहीच. दोघे एकाच आकड्याशी नांदतात. तो आकडा डोळ्यांना दिसत नाही, मांसाच्या रंगावरूनही खात्रीने कळत नाही. म्हणून मी स्वयंपाकघरातला टोकदार थर्मामीटर आणला.

भगिनींनो, आता माझी रीत सांगते. कोंबडी नळाखाली धुऊ नका. मलाही हे जड गेले. पण शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि भांड्यांवर उडतात. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून तुकडे अर्धा तास फ्रिजमध्ये बुडवून ठेवा. मांसात पाणी धरून राहते. (घरात कुणाला मीठ कमी सांगितले असेल तर हे वगळा.) मग कागदाने टिपून घ्या आणि तो कागद लगेच टाकून द्या. जाड बाजू लाटण्याने ठोकून तुकडा सगळीकडे सारखा करा. तेल, मिरपूड, वाटलेली लसूण लावा. मीठ पुन्हा नको. कच्च्या मांसाची सुरी, पाट, लाटणे आणि आपले हात साबणाने धुवा.

ओव्हन आधी २२० अंशांवर तापवून घ्या. २०० ग्रॅमच्या तुकड्याला साधारण १५ ते २० मिनिटे लागतात. चौदाव्या मिनिटापासून पाहायला लागा. थर्मामीटरचे टोक बाजूने, सर्वांत जाड भागाच्या मध्यापर्यंत घाला. ७४ दिसले की बाहेर! लगेच कापू मात्र नका. पाच मिनिटे सैलसर झाकून ठेवा, म्हणजे रस ताटात वाहून जात नाही.

तिसऱ्या खेपेला मी ओव्हनपाशी थर्मामीटर घेऊन उभी होते. मामंजी काठी टेकीत आत आले आणि म्हणाले, "महिनाभर माझा ताप उतरायची वाट पाहिलीस, आता कोंबडीला चढायची पाहतेस होय?"

त्या दिवशी पान स्वच्छ झाले. हात धुताना ते हळूच म्हणाले, "उद्या पुन्हा करशील?"

सासूबाईंनी थर्मामीटर पुसला आणि मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवून दिला.