इंग्रजी व्याकरणाचा श्रीगणेशा

आपल्या मध्यम वर्गाच्या घरांत इंग्रजी भाषा शिरली, त्यास दीड शतकाहून अधिक काळ लोटला. परंतु एकाच घरांत असूनही ती सर्वांच्या वांट्यास सारखी आली नाहीं. पूर्वीं दिवाणखान्यांत इंग्रजी पुस्तकें असत आणि माजघरास त्यांचा स्पर्श नसे. आतां भेद आहे तो पिढ्यांचा. महाराष्ट्रांत इ. स. २००० सालीं पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ झाला. त्यापूर्वीं मराठी शाळांत तें पांचवीपासून असे. त्यामुळें सहा वर्षांचें मूल आज इंग्रजीचा अभ्यास घेऊन घरीं येतें, आणि ज्या आजीनें त्यास मुळाक्षरें गिरवावयास शिकविलें, ती त्या पुस्तकापुढें एकाएकीं मुकी होते. अशा वडीलधाऱ्या मंडळींनीं, व शाळा अर्धवट सुटलेल्या गृहिणींनीं, इंग्रजी व्याकरणाचा आरंभ निर्भयपणें करावा, म्हणून हा लेख आम्ही लिहीत आहों.

हा आरंभ व्याख्या पाठ करून होत नसतो. तो आपल्या मराठीपासून करावा. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनीं मराठीचें व्याकरण १८३६ सालीं प्रसिद्ध केलें. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद इत्यादि शब्दांच्या आठ जाती आपण शाळेंत शिकलों, ती विभागणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवरचीच आहे. यास्काचार्यांनीं पदांचे चारच वर्ग मानले होते. तेव्हां ज्यास मराठी व्याकरण थोडेंबहुत आठवतें, त्याचा निम्मा पाया घातलेलाच आहे. राहतां राहिलें तें एवढेंच, कीं दोन्ही भाषांच्या वाटा कोठें फुटतात हें नीट पाहून ठेवावें.

पहिली वाट शब्दांच्या क्रमापाशीं फुटते. "रामानें रावणास मारिलें" हें वाक्य आपण "रावणास रामानें मारिलें" असें फिरविलें, तरी मरतो तो रावणच. कारण विभक्तीचे प्रत्यय कर्त्याकर्माची ओळख सोडीत नाहींत. इंग्रजींत नामांस असे प्रत्यय नाहींत. "राम किल्ड रावण" यांतील दोन नांवें उलटसुलट केलीं, कीं सारें रामायणच उलटें झालें! तेथें शब्दाची जागा हीच त्याची विभक्ति होय. म्हणून आधीं कर्ता, मग क्रियापद, शेवटीं कर्म, हा क्रम प्रथम जिभेवर बसवावा. आपलीं शब्दयोगी अव्ययें नामाच्या मागून येतात, त्यांचीं पुढें चालतात. आपण "टेबलावर" म्हणतों, ते "ऑन द टेबल" म्हणतात.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. येथें आपली भाषाच अधिक कठीण आहे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. सीतेनें आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळें खाल्लें. फळ बदललें कीं आपलें क्रियापद बदलतें. इंग्रजींत तिन्ही ठिकाणीं एकच "एट". तो येतो, ती येते, तें येतें, या तिहींस मिळून एकच "कम्स". जीं मंडळी हीं सारीं रूपें लहानपणापासून बिनचूक बोलतात, त्यांस इंग्रजीचीं मोजकीं रूपें जड कां वाटावींत? मात्र साध्या वर्तमानकाळीं, तृतीयपुरुषीं एकवचनीं, क्रियापदाच्या शेवटीं जो "स" लागतो, तो विसरूं नये. "आय कम", "यू कम", परंतु "ही कम्स".

प्रश्न विचारतांना हा "स" जागा बदलतो. आपण वाक्याच्या शेवटीं "का" जोडतों. इंग्रजींत आरंभीं "डू" किंवा "डज" येतें. "ही ड्रिंक्स टी" याचा प्रश्न "डज ही ड्रिंक टी?" असा होतो. मुख्य क्रियापदाचा "स" उठून "डज"मध्यें जाऊन बसला, म्हणून तो मागें पुन्हां लावावयाचा नाहीं. एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, हें ध्यानांत धरावें.

आतां आपल्याकडे नसलेली वस्तु, म्हणजे "अ", "ॲन" आणि "द" हीं उपपदें. यांचें मर्म आजीच्या गोष्टींतच सांपडतें. "एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या." पहिल्या वाक्यांतला राजा अनोळखी, म्हणून "अ किंग", दुसऱ्यांत तो ओळखीचा झाला, म्हणून "द किंग". "अ" कीं "ॲन" हें अक्षरावरून न ठरवितां उच्चारावरून ठरवावें. म्हणून "ॲन अवर", परंतु "अ युनिव्हर्सिटी".

आणखी एक गोष्ट मनास खुपण्याजोगी आहे. आपल्या तू, तुम्ही, आपण या तिहींस इंग्रजींत एकच "यू" आहे. "आजोबा आले" हें आपलें आदरार्थी बहुवचन तेथें "ही" या एकवचनावर येतें. नातवानें वाक्य म्हणतांना आजोबांस "ही" म्हटलें, तर तो उद्धटपणा समजूं नये. त्या भाषेंत आदर इतर शब्दांनीं व स्वरानें दाखवितात. उलट "आम्ही" आणि "आपण" यांत आपण जो भेद करतों, ऐकणाऱ्यास वगळावें कीं जवळ घ्यावें हा, तो त्यांच्या "वुई"मध्यें मुळींच नाहीं.

अभ्यासाची रीत साधी असावी. दिवेलागणीनंतर अर्धा तास पुरे. एक वही करावी, तींत दररोज घरच्याच व्यवहाराचीं दहा वाक्यें लिहावींत: दूध आलें, दार उघडें आहे, बाळ झोपलें नाहीं. पंधरा दिवस एकच काळ घ्यावा. तो वळणीं पडल्यावांचून पुढचा धरूं नये. मुलासच शेजारीं बसवावें. त्यानें इंग्रजी शब्द सांगावा, आजीनें त्यांतील कर्ता कोणता, कर्म कोणतें, हें त्याच्याकडून वदवून घ्यावें. यांत दोघांचाही अभ्यास होतो.

आणि इतरांनीं एक पथ्य पाळावें: चुकणाऱ्यास हंसूं नये. रमाबाई रानडे यांनीं न्यायमूर्तींच्या हाताखालीं इंग्रजीचे धडे घेतले, तेव्हां घरांतील वडील स्त्रियांस तें रुचलें नाहीं व त्यांस पुष्कळ बोलणीं सोसावीं लागलीं, हें त्यांच्या १९१० सालच्या आठवणींच्या पुस्तकांत नमूद आहे. आज उघड विरोध कोणी करीत नाहीं. परंतु सासूच्या वा सुनेच्या एखाद्या अशुद्ध उच्चारावर सर्वांसमक्ष उमटलेलें हंसूं तेंच काम करतें. वही मिटते, ती पुन्हां उघडत नाहीं. जी भाषा जगाशीं बोलण्यासाठीं घरांत आणली, तिनें घरच्याच दोन माणसांत भिंत उभारावी, हें शहाण्या कुटुंबास शोभणारें नव्हे. त्या वहींतील पहिलीं दहा वाक्यें कितीही वांकडींतिकडीं असोत, तीं कोणीतरी मन लावून ऐकावींत, एवढीच आमची विनंति आहे.