तांब्याची नळी आणि दोन मीटरची लहर

गाडीतला व्हीएचएफ वायरलेस संच ५० वॅटचा असला, तरी घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबली की पलीकडच्या गावाचा आवाज खरखरीत बुडून जातो. अशा वेळी अनेकांच्या मनात पहिला विचार येतो तो जास्त ताकदीच्या संचाचा. पण वॅट दुप्पट केले, तरी ऐकणाऱ्याला जेमतेम जाणवेल एवढाच फरक पडतो. संदेश हवेत सोडण्याचे आणि हवेतून पकडण्याचे काम अँटेना करतो आणि खरी सुधारणा तिथेच होते. असा उत्तम अँटेना तांब्याच्या नळीपासून घरी बनवता येतो. इंग्रजी ‘जे’ अक्षरासारख्या आकारामुळे त्याला ‘जे-पोल’ म्हणतात. जगभरचे हॅम रेडिओचे हौशी तो वर्षानुवर्षे बनवत आले आहेत.

लांबीचे गणित

भारतात या हौशींसाठी, म्हणजे ‘हॅम’साठी, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा राखलेला आहे. ३०० ला मेगाहर्ट्झने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. १४५ मेगाहर्ट्झला ती २.०७ मीटर येते, म्हणून हा ‘टू मीटर बँड’. धातूच्या नळीत हे माप थोडे आखूड धरावे लागते. त्यामुळे पाव लहर सुमारे ४९ सेंटिमीटर आणि अर्धी लहर सुमारे ९९ सेंटिमीटर होते.

गाडीच्या टपावर चुंबकाने चिकटवलेली काठी बहुधा पाव लहरीची असते. तिचा उरलेला अर्धा भाग म्हणजे गाडीचे लोखंडी टप. टप फायबरचे असेल, वाहन दुचाकी असेल किंवा गाडी उभी करून अँटेना बांबूवर चढवायचा असेल, तर हा आधार राहत नाही. तिथे अर्ध्या लहरीचा अँटेना लागतो, कारण त्याला खालच्या पत्र्याची गरज नसते. अडचण एकच. अर्ध्या लहरीच्या टोकाशी विद्युत अवरोध काही हजार ओहम असतो आणि आपली केबल असते ५० ओहमची. थेट जोडले तर बहुतेक शक्ती परत संचाकडे फिरते.

यावरचा उपाय झेपेलिन नावाच्या हवाई जहाजांच्या काळातला आहे. हान्स बेगेरोव्ह यांनी १९०९ मध्ये जर्मनीत हवाई जहाजांसाठी अशा अँटेनाचे पेटंट घेतले. जहाजाखाली लोंबणाऱ्या अर्ध्या लहरीच्या तारेला वरच्या टोकाशी पाव लहरीच्या दोन समांतर तारा जोडून शक्ती पुरवली जाई. हीच रचना उलटी उभी केली की आपला ‘जे’ तयार होतो. खालच्या पाव लहरीच्या भागात दोन नळ्या तळाशी एकमेकींना जोडलेल्या असतात. त्या तळाशी अवरोध शून्याजवळ असतो आणि वर जाताना वाढत हजारो ओहमपर्यंत पोहोचतो. मध्ये कुठेतरी ५० ओहमची जागा येतेच. केबल तिथे जोडायची.

पोकळ नळी का चालते

उच्च वारंवारतेचा प्रवाह धातूच्या कातडीतूनच वाहतो. १४५ मेगाहर्ट्झला तांब्यात ही खोली साडेपाच मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. भरीव सळईचा गाभा नुसते वजन वाढवतो. उलट नळी जितकी जाड, तितका अँटेना रुंद पट्ट्यावर नीट चालतो. तांबे निवडण्याचे आणखी एक कारण म्हणजे त्याचे सांधे घरच्या ब्लो टॉर्चवर पक्के होतात. ॲल्युमिनियमला सोल्डर सहज धरत नाही.

बांधणी

एसीच्या कामाची तांब्याची नळी वेटोळ्यात मिळते, पण ती मऊ असते. इथे ताठ, सरळ नळी हवी. रुग्णालयात ऑक्सिजनच्या लाइनसाठी वापरतात ती १५ मिलिमीटरची नळी उत्तम, कारण तिच्याबरोबर टी, एल्बो आणि टोपणेही मिळतात. मापे अशी:

लांब नळी, आडव्या जोडापासून वर: सुमारे १४८ सेंटिमीटर
आखूड नळी: सुमारे ४९ सेंटिमीटर
दोघींमधले अंतर: साडेचार सेंटिमीटर
केबल जोडायची जागा, आडव्या जोडापासून वर: ५ ते ७ सेंटिमीटर

लांब नळी टी मध्ये बसते, आखूड नळी एल्बोमध्ये. टी च्या खालच्या तोंडात हवा तेवढा नळीचा तुकडा घालून तो खांबाला बांधता येतो, कारण तळाशी विद्युतदाब जवळजवळ शून्य असतो. सांधे बसवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने लख्ख घासून फ्लक्स लावावा. टॉर्च सांध्यावर धरून सोल्डर आत ओढले जाईपर्यंत थांबावे. नळी सुरुवातीला सेंटिमीटरभर लांबच ठेवावी. कापणे सोपे असते, वाढवणे नाही.

केबलची मधली तार लांब नळीला आणि जाळी आखूड नळीला, स्टेनलेस स्टीलच्या होज क्लिपने पक्की करावी. खाली केबलचेच पाच-सहा वेढे, दहा-बारा सेंटिमीटर व्यासाचे, बांधून ठेवावेत. त्यामुळे केबलच्या बाहेरून वाहू पाहणारा प्रवाह अडतो.

जुळणी

किती शक्ती परत फिरते याचा अंदाज देणारा एसडब्ल्यूआर मीटर लावून संच अगदी कमी शक्तीवर चालवावा. क्लिपा दोन-तीन मिलिमीटर वर-खाली सरकवत आकडा कमीत कमी करावा, पण संदेश सुरू असताना नळीला हात लावू नये. आकडा १.५ आला तर फक्त ४ टक्के शक्ती परत फिरते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. आकडा १.५ च्या खाली गेला की समाधान मानावे. सर्वांत चांगला आकडा १४४ च्याही खाली पडत असेल, तर लांब नळी थोडी कापावी. सेंटिमीटरभर कापल्यावर तो बिंदू मेगाहर्ट्झभर वर सरकतो. जुळणी झाली की केबलचे उघडे टोक आणि क्लिपा जलरोधक टेपने बंद कराव्यात. कोकणच्या खाऱ्या हवेत वेगवेगळे धातू एकत्र आले की सांधा लवकर गंजतो, तिथे ही काळजी दुप्पट घ्यावी.

उंची आणि केबल

या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. अँटेनाची मीटरमधली उंची घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले की सपाट प्रदेशातले रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. दीड मीटरवर ते सुमारे ५ किलोमीटर, ९ मीटरवर १२ पेक्षा जास्त. एक बांबू जे देतो, ते दुप्पट वॅट देत नाहीत. मात्र उंचीबरोबर केबलही लांबते. बारीक आरजी-५८ केबल १० मीटर वापरली तर जवळजवळ एक तृतीयांश शक्ती वाटेतच जिरते. जाड आरजी-२१३ मध्ये साधारण पाचवा हिस्सा जातो.

नळी उभी ठेवून गाडी चालवू नये. गाडी उभी करून, विजेच्या तारांपासून खांबाच्या उंचीहून दूर जागा पाहून मगच तो उभारावा. ढग गडगडू लागले की उतरवावा. संचाची वीज सिगारेट लायटरच्या खोबणीतून न घेता फ्यूज लावून थेट बॅटरीवरून घ्यावी, कारण ५० वॅटच्या प्रसारणाला दहा अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो.

हे शिकायचे कशासाठी

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी हॅम भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. संपर्क तुटलेल्या अंदमानातून त्यांच्या संचावरून निरोप मुख्य भूमीवर पोहोचले. ते काम लांब पल्ल्याच्या लहरींचे होते. दोन मीटरचा पट्टा त्याच्या पुढचे काम करतो: नियंत्रण कक्ष ते बचाव पथकाची गाडी, एक वस्ती ते दुसरी वस्ती. पुरात मोबाइलचे मनोरे बंद पडतात तेव्हा गाडीची बॅटरी, संच आणि ही नळी एवढ्यावर तालुक्याचा संपर्क उभा राहू शकतो.

प्रसारणासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. वयाच्या बाराव्या वर्षापासून ती देता येते. प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाने आणि डोंगरातल्या प्रत्येक बचाव पथकाने असा एक अँटेना स्वतःच्या हाताने बनवावा, असे मला मनापासून वाटते. विकत घेतलेला अँटेना आपत्तीत मोडला की काम थांबते. लांबीचे गणित हाताला माहीत असेल, तर तारेचा तुकडा आणि फुटपट्टी घेऊनही तो पुन्हा उभा करता येतो.